बरणीतला बारावा बल्ब

१

चोरीला गेलेली वस्तू लिंबाएवढी होती, आणि ती कुणी फुकट दिली असती तरी शंभरातल्या नव्व्याण्णवांनी कचऱ्यात टाकली असती. पण एत्तोरे झानोटी मागच्या व्हरांड्यात असा बसला होता, की जणू कुणी त्याचं उभं उसाचं रान उपटून नेलंय.

"हरवलं वगैरे नाही, नेरिडा. चोरी झालीय. चोरी!" त्याने काठी जमिनीवर आपटली. "आणि पोलिसांचं नाव काढू नकोस. त्या पोराला बल्ब म्हणजे छताला लावतात तो, एवढंच ठाऊक."

नेरिडा हॅलोरनने छत्री कोपऱ्यात टेकवली आणि न विचारता किटली ठेवली. इनिसफेलच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या मंडळाची ती सचिव. वय एकाहत्तर, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेली, आणि मागे एकदा ऑर्किड प्रदर्शनाचा हरवलेला चषक तिने परीक्षकाच्याच गाडीतून शोधून काढल्यापासून गावात कुणाचं काही हरवलं, की आधी तिला फोन यायचा. कुत्री, कवळ्या, एकदा तर एक नवरासुद्धा.

"दाखव," ती म्हणाली.

एत्तोरेने मांडीवरची बरणी तिच्या हातात दिली. बरणी त्याच्या बायकोची, लिनाची, टोमॅटो भरायची. काचेचं झाकण, रबराचं कडं, तारेची कडी. तळाशी निळ्या फुलांच्या कापडाची एक पुरचुंडी, तिच्यावर कापूस, आणि कापसात तो फ्लॅशचा जुना बल्ब. आत चंदेरी वर्खाचा चुरगळलेला गुंता, आणि टोकाला, काचेच्या आतून, एक टिपका.

टिपका गुलाबी होता.

मंडळात नवा माणूस आला, की पहिल्या दिवशी त्याला हेच शिकवतात. बनवणाऱ्यांनी हा टिपका मुद्दाम ठेवलाय. तो निळा असेल तर बल्ब धडधाकट. काचेला तडा जाऊन आत दमट हवा शिरली, की तो गुलाबी पडतो, आणि असा बल्ब पेटवला तर काचा थेट तोंडावर येतात.

"नाताळात निळा होता," एत्तोरे म्हणाला. "दर नाताळात मी बाहेरूनच बघतो. लिना बरणी उघडू द्यायची नाही. ती गेल्यावरही मी उघडली नाही. आज सकाळी पुसायला काढली, तर हा असा!"

"तडा गेला असेल रे."

"कसा जाईल? कापसात बसलाय, उंच फडताळात! साठ वर्षं निळा राहिला आणि या दीड महिन्यात याला काय रोग झाला? हा माझा बल्बच नाही. माझा चांगला नेला आणि स्वतःचा मेलेला इथे ठेवून गेला." म्हाताऱ्याने काठी पुन्हा आपटली. "शनिवारी आमच्या लग्नाला साठ वर्षं होतायत."

नेरिडाला ते ठाऊक होतं. सगळ्या मंडळाला ठाऊक होतं. साठ वर्षांपूर्वी, ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, एत्तोरे आणि लिनाचं लग्न लागलं. फोटो काढायला नवरदेवाचा मित्र होता, आणि त्याने खास केर्न्सहून बारा बल्बांचं खोकं आणलं होतं. दहा लग्नात पेटले. अकरावा फोटोवाल्याने आठवण म्हणून ठेवला आणि बारावा नवरदेवाच्या हातात देत म्हणाला, हा लग्नाच्या साठाव्या वाढदिवसाला पेटवू. सगळा मांडव हसला होता. ऊस तोडणारा माणूस एवढा जगतो कुठे?

एत्तोरे जगला. लिना मात्र चौदा महिन्यांपूर्वी गेली.

"रिकाम्या खुर्चीशेजारी बसणार आहे मी," एत्तोरे म्हणाला. "तोच कॅमेरा, तोच बल्ब. लग्नातल्या उजेडात आणखी एकदा बसायचंय, बस. दुसरं काही मागितलं का मी कुणाकडे?"

नेरिडाने बरणी उघडली, बल्ब बाहेर काढून उजेडात फिरवला. जिथे काच पितळी बुडात शिरते तिथे, मानेभोवती, पोवळ्याच्या रंगाची एक बारीक रेघ होती. बनवणाऱ्याची लाख असेल, असं मनाशी म्हणून तिने तो परत ठेवला.

"असाच बल्ब गावात आणखी कुणाकडे आहे?" तिने विचारलं, खरं तर उत्तर माहीत असून.

"एकाच माणसाकडे. अकरावा." एत्तोरेने नदीकडे तोंड फिरवलं. "क्लॅरी ट्रँटर. माझा लग्नातला सखा. शनिवारी कॅमेऱ्यामागे तो उभा राहणार नाही, सांग त्याला. आणि मी मेलो तर खांदा द्यायलाही यायचं नाही म्हणावं."

२

एत्तोरेची लेक रोझाना टाउन्सव्हिलहून आठवडाभरासाठी आली होती. ती घराच्या खालच्या बाजूला, खांबांमध्ये बांधलेल्या दोऱ्यांवरचे टॉवेल चाचपत होती.

"तीन दिवस झाले, झीया. वाळायचं नावच नाही. भिंतींना बुरशी, चपलांना बुरशी. मम्मा हे सगळं कसं सांभाळायची देव जाणे." आईच्या मैत्रिणीला ती लहानपणापासून झीया, म्हणजे मावशी म्हणायची.

"इतक्यात घरी बाहेरचं कोण आलं होतं गं?"

रोझाना कानकोंडी झाली. "रविवारी मॉन्टी ग्रीव्हज आला होता. केर्न्सचा तो जुन्या कॅमेऱ्यांचा व्यापारी. मीच बोलावलं होतं. ओरडू नकोस! पापा त्र्याऐंशीचे आहेत, मला त्यांना माझ्याकडे न्यायचंय, आणि दोनशे कॅमेरे घेऊन कसं नेऊ? पापांनी त्याला चहासुद्धा न देता हाकलला."

"तो फडताळाजवळ गेला होता?"

"दारातूनच परत गेला."

नेरिडाने मॉन्टीला मनातल्या यादीतून खोडला. दोनशे कॅमेरे सोडून बल्ब पळवणारा व्यापारी धंद्यात आठवडाभरही टिकला नसता.

"आणि तू?"

"मी?" रोझानाने टॉवेल खाली टाकला. मग म्हणाली, "खरं सांगू? तो बल्ब पेटू नये असं मला वाटत होतं. एकदा फट्ट झालं की संपलं. मग पापांकडे मम्माचं वाट बघण्यासारखं काय उरतं? पण म्हणून मी चोरेन होय? आणि मम्मालाही तो पेटवायचा नव्हताच."

"असं कसं म्हणतेस?"

"लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला पापांनी बरणी काढली, तर मम्माला भोवळच आली. माझ्या लग्नात म्हणाली, ठिणगी उडून झगा जळेल. माझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याला म्हणाली, बाळाचे डोळे जातील. दर वेळी काहीतरी. आणि मग, राहू दे, साठाव्याला!"

"लिना आणि भोवळ?" नेरिडाला हसू आलं. लिनाने एकदा स्वयंपाकघरातला साप झाऱ्याने बाहेर काढून त्याच हाताने, धुऊन अर्थात, चहा केला होता.

"तेच ना! पण त्या कॅमेऱ्यांची काळजी पापांपेक्षा तिलाच जास्त. पावसाच्या महिन्यांत बिस्किटं भाजून झाली, की शेवटचा एक ट्रे ओव्हनमध्ये जायचा. त्याला हात लावायचा नाही. मी एकदा चाखायला गेले तर फटका बसला. उभ्या आयुष्यात मम्माचा तेवढा एकच मार खाल्लाय मी."

"काय असायचं त्यात?"

"जाड मिठासारखं काहीतरी. पापांच्या भिंगांचं आहे म्हणायची."

बोलत बोलत दोघी वर स्वयंपाकघरात आल्या. शनिवारी घालायच्या लांब मोज्यांची शीर निघाली होती. रोझानाने सुऱ्यांच्या कप्प्यातून नखपॉलिशची एक जुनी बाटली काढली, झाकण दातांनी उघडलं आणि शीर पुढे वाढू नये म्हणून मोज्याला थेंब लावायला बघितलं. बाटली आत वाळून खडखडीत झाली होती.

"ही पण मम्माचीच. नखांना जन्मात लावली नाही, मोज्यांसाठीच ठेवलेली. आणि मोजे तरी घालायची वर्षातून दोनदा, तरी एवढी संपवलीन कशी कोण जाणे." तिने बाटली परत कप्प्यात टाकली. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "झीया, एक गोष्ट मी पापांना सांगितली नाहीये. मंगळवारी दुपारी ते डॉक्टरकडे गेले होते. मी कपडे घेऊन आत आले, तर फडताळासमोर क्लॅरीकाका उभे. हातात ती बरणी."

३

क्लॅरी ट्रँटर चौऱ्याऐंशीचा होता, एकटा होता आणि त्याला डावी भुवई नव्हती. तेरा वर्षांचा असताना मामाच्या हाताखाली फोटो शिकायला राहिला, आणि मामा जुन्या वळणाचा. सगळं जग बल्ब वापरायला लागलं तरी हा गडी तबकात मॅग्नेशियमची भुकटी घेऊनच उभा. एका जेवणावळीत ती अंमळ जास्त पडली. फोटोत सगळे पाहुणे आले, क्लॅरीची भुवई गेली ती गेलीच.

"मामा त्याआधी मॅग्नेशियमची फीत जाळायचा, आगकाडीसारखी," त्याने नेरिडासमोर चहा ठेवत नेहमीचं पुराण लावलं. "मग भुकटी. मग बल्ब आले, तेव्हा मामा म्हणाला, काचेत कोंडलेला उजेड काय कामाचा? मग चार बल्बांचे ते चौकोनी ठोकळे आले, मग हे विजेचे. दर वेळी लोक म्हणाले, आता खरी सुधारणा झाली. पण डोळे मिटणारा माणूस डोळे मिटतोच!"

"क्लॅरी, मी कशाला आलेय ते तुला ठाऊक आहे."

"आहे." तो खाली बसला. "मघाशी फोनवर सगळं ऐकवलंय त्यानं मला. इटालियनमध्येसुद्धा."

"तुझा अकरावा बल्ब दाखव म्हणजे झालं."

"नाही दाखवणार."

त्याच्या काचेच्या कपाटात नेरिडाला बल्बची ती जागा दिसत होती. धुळीत गोल स्वच्छ डाग, आणि वर काहीच नाही.

तिने चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. चहात साखर नव्हती. क्लॅरीच्या घरी दोन चमच्यांच्या खाली चहा मिळायचा नाही. डबा तर टेबलावर होता, पण त्याच्या झाकणावर क्लॅरीचा पंजा होता, आणि ती आल्यापासून तो हलला नव्हता.

"साखर दे जरा."

"गोड कमी कर. वय झालं तुझं."

"साखरेच्या गावात राहून मला हे ऐकवतोस? हात काढ, क्लॅरी."

त्याने हात काढला. चोरी पकडली गेलेल्या शाळकरी पोरासारखा त्याचा चेहरा झाला. नेरिडाने झाकण उघडलं. साखरेत अर्धा रुतलेला बल्ब होता, अगदी एत्तोरेच्या बल्बसारखा. मान स्वच्छ, पितळ चकचकीत. आणि टिपका निळाशार.

"झालं समाधान?" क्लॅरी म्हणाला. "तू दार वाजवलंस तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. आता तू म्हणणार, हा एत्तोरेचा."

"नाहीये?"

"हा माझा आहे. अकरावा. पण निळा दाखवला तर मी चोर, आणि लपवला तरी चोर. इकडे आड, तिकडे विहीर. सांग, कसं पटवू त्याला?"

"मंगळवारी बरणी हातात घेऊन काय करत होतास, ते सांग. तेवढ्यानं पटेल."

क्लॅरीने डब्याचं झाकण लावलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने लपवलं नाही.

"साठ वर्षांचा दोस्त आहे तो माझा, नेरिडा. त्याच्याशिवाय मला कोण आहे? पण मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"ज्या माणसाला दिला, त्याला आता विचारायची सोय नाही."

४

घरी आल्यावर नेरिडाने एत्तोरेकडून मागून आणलेली बरणी स्वयंपाकाच्या टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसली. हाताशी पुरावा काय, तर एक गुलाबी बल्ब आणि एक निळा. दोन्ही एकाच खोक्यातले. क्लॅरीने अदलाबदल केली असं म्हणावं तर सगळं जुळतं. मंगळवार जुळतो, रिकामं कपाट जुळतं, साखरेचा डबा तर फारच जुळतो. जुळत नव्हता तो फक्त क्लॅरी. ज्या माणसाने जेवणावळीत भुवई जळत असताना आधी पाहुण्यांची पोरं मागे ढकलली होती, तो मित्राला फुटणारा बल्ब देईल?

बाहेर पाऊस धरून होता. खुर्चीवर टाकलेला तिचा रुमाल सकाळपासून वाळला नव्हता. रोझानाचे टॉवेल तिला आठवले. तिने बरणीच्या रबराच्या कड्यावरून बोट फिरवलं, तर कड्याचा तुकडाच हातात आला. रबर विटलं होतं. दर वर्षी टोमॅटो भरताना लिना सगळ्या बरण्यांची रबरं बदलायची. गेल्या वर्षी टोमॅटो भरायला लिना नव्हती.

मग तिने ती निळ्या फुलांची पुरचुंडी उचलली. इतका वेळ तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. शिवण उसवली आणि टेबलावर दाणे सांडले. सिलिकाचे जाड दाणे, एकूण एक गुलाबी.

"अगं बाई!" नेरिडा मोठ्याने म्हणाली.

हे दाणे तिचेच होते. कारखान्यात लागून दुसरंच वर्ष, अठ्ठावीस वर्षांची असेल. प्रयोगशाळेच्या दारात एक ओळख नसलेली बाई उभी, हातात तळलेल्या साखरपेरल्या क्रोस्तोलीची परात. तुमच्याकडे हवा कोरडी ठेवणारे निळे दाणे असतात म्हणे. माझ्या नवऱ्याच्या भिंगांना बुरशी येते. मूठभर द्याल? नेरिडाने डबाभर दिले आणि समजावून सांगितलं, ओल प्यायले की गुलाबी होतात, मग मंद ओव्हनमध्ये तासभर ठेवायचे, परत निळे. त्या दिवसापासून लिनाची आणि तिची मैत्री. दर फेब्रुवारीत क्रोस्तोलीची परात घरी यायची, लिना होती तोवर एकदाही चुकली नाही. ती गेल्यापासून दोन फेब्रुवारी परातीशिवाय गेले होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

तिने बल्ब दिव्याखाली धरला आणि मानेवरच्या त्या पोवळी रेघेकडे पुन्हा बघितलं. या वेळी भिंग लावून बघितलं. रेघ एकसारखी नव्हती. एका जागी थेंब ओघळला होता, आणि दोन ठिकाणी एकावर एक थर चढवले होते. यंत्राने अशी लाख लागत नाही.

नेरिडाने दाणे ट्रेमध्ये पसरून मंद ओव्हनमध्ये ठेवले. माळ्यावरून प्रयोगशाळेतलं आपलं जुनं हवाबंद भांडं काढलं. तासाभराने निळे झालेले, निवलेले दाणे त्यात ओतले, वर जाळीवर बल्ब ठेवला आणि झाकण घट्ट दाबलं. बल्बला मात्र तिने आच लागू दिली नाही. गुरुवारी टिपका गुलाबीच होता. शुक्रवारी जांभळट झाला. शनिवारी सकाळी ती चष्मा न लावताच भांड्यापाशी धावली.

अपराधी कोण ते तिला आता पक्कं कळलं होतं. आणि त्याला जाब विचारणं आता कुणाच्या बापाला जमणार नव्हतं.

५

मंडळाचे लोक पाचला जमणार होते. नेरिडाने एत्तोरे, रोझाना आणि क्लॅरीला चारलाच बोलावलं. एत्तोरे फक्त अपराधी दाखवते म्हटल्यावर आला, आणि क्लॅरीकडे पाठ करून बसला. मधोमध तिकाटण्यावर तो जुना भात्याचा कॅमेरा, बाजूला बल्ब लावायची चकचकीत ताटली, आणि समोर दोन खुर्च्या.

नेरिडाने पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली. टिपका निळा होता.

"माझा!" एत्तोरे उठलाच. "सापडला ना? याच्याकडेच होता ना?"

"खाली बस. हा तोच आहे, बुधवारी तुझ्या मांडीवर गुलाबी होता तो. याला बारीक तडा आहे, एत्तोरे. हा श्वास घेतो. भोवतालची हवा कोरडी तर टिपका निळा, दमट तर गुलाबी. मी तीन दिवस कोरड्या हवेत ठेवला, एवढंच."

"म्हणजे क्लॅरीचा फुटका बल्ब तू वाळवलास! मग माझा कुठाय?"

"हेच विचारशील वाटलंच होतं. क्लॅरी, काढ."

क्लॅरीने रुमालातून अकरावा बल्ब काढून शेजारी ठेवला. त्याला अजून साखर चिकटली होती. दोन बल्ब, दोन निळे टिपके.

"खोकं एक, बनवणारा एक," नेरिडा म्हणाली. "आता माना बघ. याची स्वच्छ. बरणीतल्याच्या मानेला पोवळी रेघ. मला वाटलं कारखान्याची लाख, पण तसं असतं तर दोघांना असती. रोझाना, ती बाटली आणलीस?"

रोझानाने पर्समधून नखपॉलिशची जुनी बाटली काढली. बरणीशेजारी ठेवताना तिला रंग दिसला आणि तिचा हात तोंडावर गेला.

"क्लॅरी, तुझ्या घरी या रंगाची नखपॉलिश आहे?"

"तेवढंच करायचं राहिलंय आयुष्यात," क्लॅरी पुटपुटला.

"ही बाटली तुझ्या स्वयंपाकघरातली आहे, एत्तोरे. तडा बुजवणारा हात तुझ्या घरातला होता. त्या पुरचुंडीत ओल पिणारे दाणे होते, ते मी दिलेले, त्रेचाळीस वर्षांपूर्वी. पावसात दर महिन्याला बिस्किटांनंतरचा शेवटचा ट्रे त्यांचा. कड्याचं रबर दर वर्षी नवं. आणि तू बल्ब पेटवायचं नाव काढलंस, की कधी भोवळ, कधी झगा, कधी बाळाचे डोळे. चाळीसहून जास्त वर्षं एका माणसानं तुझा फुटका बल्ब निळा ठेवला. तो माणूस गेला, दाणे भाजायचे राहिले, रबर विटलं, पाऊस लागला. चोरी झालीच नाही. फक्त लिना नाहीये."

मग क्लॅरी बोलला, जमिनीकडे बघत.

"फडताळ पुसताना बल्ब तिच्या हातून कॅमेऱ्यावर आपटला. भर पावसात सायकलवरून माझ्याकडे आली, रडून रडून डोळे सुजलेले. मी माझा देत होतो. म्हटलं, ठेव बरणीत, त्याच्या बापाला कळणार नाही. तर म्हणाली, नाही, त्याच्याशी खोटं बोलायचं तर त्याच्याच बल्बनं बोलेन. दुसरा ठेवला तर ती फसवणूक झाली." त्याने नाक पुसलं. "हॉस्पिटलात मात्र मला म्हणाली, साठाव्याला आता तुझा लाव. ह्याच्या तोंडावर फुटू देऊ नकोस. गुपचूप बदल, आणि बोलू नकोस. मी मंगळवारी गेलो, तर टिपका आधीच गुलाबी. मी त्याच्याकडे बघतच राहिलो, आणि तेवढ्यात रोझाना आली."

एत्तोरेने बरणी ओढून जवळ घेतली. बराच वेळ तो काचेवरून अंगठा फिरवत होता.

"एवढंसं सांगितलं असतं तर मी काय तिला खाल्लं असतं?"

"पापा," रोझाना म्हणाली, "दर नाताळात तुम्ही बरणीसमोर उभं राहून वर्षं मोजायचात. मोठ्यानं. ती कसं सांगणार?"

म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले. तो रडतोय असं वाटून रोझाना पुढे झाली, तर तो हसत होता, आणि रडतही होता.

"पंचविसाव्याला भोवळ! मी डॉक्टर आणला होता. त्यानं तीन दिवस झोपून राहायला सांगितलं, आणि ही राहिली! तीन दिवस मी रांधून वाढलं तिला!" मग तो काठी टेकत उठला आणि क्लॅरीसमोर जाऊन उभा राहिला. "गाढवा. एवढं सगळं तोंडावर ऐकून घेतलंस, तरी बोलला नाहीस?"

"शब्द दिला होता."

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिली रे मी. माफ कर मला."

"खांदा द्यायला येऊ ना मग?"

"तू आधी गेलास तर मी येतो. चल, उभा राहा कॅमेऱ्यामागे."

क्लॅरीने अकरावा बल्ब फुंकून साखर झटकली आणि ताटलीत बसवला. एत्तोरे आपल्या खुर्चीत बसला, शेजारच्या रिकाम्या खुर्चीत त्याने बरणी ठेवली, आणि टिपका कॅमेऱ्याकडे येईल अशी फिरवली.

"डोळे मिटू नकोस," क्लॅरी म्हणाला. "लग्नात दहापैकी सहा फोटोंत मिटलेस."

"बटण दाब, भुवया!"

फट्ट झालं. सगळी खोली पांढरीफेक झाली, भिंतीवरचे जुने कॅमेरे क्षणभर उजळून निघाले, आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांपुढे हिरवे डाग नाचायला लागले. जळल्या वर्खाचा वास आला. एत्तोरे डोळे टक्क उघडे ठेवून अजून तसाच बसला होता, आणि त्याचा हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर होता.

पाचला लोक आले, केक कापला, कुणीतरी ॲकॉर्डियन काढला. नेरिडा कपबशा गोळा करत होती तेव्हा एत्तोरे बरणी काखेत घेऊन तिच्यापाशी आला. त्याच्या हातात पेन्सिल आणि केकखालचा कागद होता.

"मंद म्हणजे किती मंद?"

"काय?"

"ओव्हन गं. आणि किती वेळ ठेवायचे?"

"तासभर. पावसात महिन्यातून एकदा. रबर दर वर्षी नवं."

त्याने मोठ्या अक्षरात सगळं लिहून घेतलं. मागून क्लॅरी केक खात आला आणि कागदात डोकावला.

"आता कशाला ही उठाठेव? तो काही पेटवता येणार नाही, बाबा."

"पेटवायचाय कुणाला?" एत्तोरे कागदाची घडी करत म्हणाला. "निळा ठेवायचाय."